कोकणकिनारी नव्याने राहायला आलात? आगोटीआधी, म्हणजे पावसाळ्याआधी, घराची आणि वाडीची तयारी

निवृत्तीनंतर गावच्या घरी परतलेले, करोनानंतर मुंबई-पुण्याची भाड्याची जागा सोडून आलेले, दापोली-गुहागर-श्रीवर्धनकडे जागा घेऊन होमस्टे सुरू केलेले, बदली होऊन आलेले शिक्षक आणि बँकेतले लोक... किनाऱ्यावरच्या वाड्यांत आता नवी माणसं बरीच आहेत. पाऊस सगळ्यांना माहीत असतो. पण चक्रीवादळात घरात बसून राहणं, खाडीचं पाणी उंबऱ्याला लागणं, कित्येक दिवस वीज नसणं हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपत्तीचा पहिला दिवस वाडीचा असतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. पावसाळ्यात त्यांच्या तुकड्या महाड-चिपळूणसारख्या ठिकाणी आधीच आणून ठेवतात, आणि ती माणसं जीव तोडून काम करतात. पण घाटात दरड आली, रस्त्यावर माड आडवे पडले, मोबाईलचे टॉवर बंद झाले की तुमच्या दारापर्यंत पोहोचायला त्यांनाही वेळ लागतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली तेव्हा खाली पूर होता आणि वाट बंद होती. तोवर जे काही होतं ते शेजारी करतात. म्हणून खाली घराच्या तयारीइतकीच जागा शेजाऱ्यांना दिली आहे.

पहिली पायरी: आपलं घर कुठे आहे ते ओळखा

किनारा म्हटलं की समुद्र डोळ्यांसमोर येतो, पण धोका घराच्या जागेप्रमाणे बदलतो. पुळणीलगतच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यालगतच्या, घराला वाऱ्याचा आणि उधाणाचा धोका. खाडीकाठच्या घराला पुराचा. डोंगराच्या पायथ्याच्या घराला दरडीचा. काही घरांना यातले दोन धोके एकत्र असतात.

वाडीतल्या वयस्कर माणसांकडे बसा आणि विचारा: २००५ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं? २०२१ ला कुठवर? २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कोणत्या बाजूने वारा लागला? भिंतीवरची खूण, बुडालेली पायरी, पडलेला आंबा, सगळं दाखवतील. ती जागा तुमच्या घराच्या जोत्याशी ताडून पाहा. नदीकाठी जागा घेणार असाल तर पाटबंधारे खात्याची पूररेषा पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दलाल हे आपणहून सांगत नाही.

खाडीकाठी राहणाऱ्याने भरतीचं गणित शिकून घ्यावं. वरून पावसाचं पाणी येत असताना खाली समुद्र भरतीला असला तर नदीला तोंड उरत नाही आणि पाणी गावात पसरतं. महाडला सावित्री आणि चिपळूणला वाशिष्ठी अशीच चढते. वाशिष्ठीत शिवाय कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, येतं. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं. खाडीत आत जाल तशी वेळ थोडी पुढे सरकते, ती स्थानिक माणसाकडून समजून घ्या. छापील भरतीचं कोष्टक घरात लावाच, पण हा हिशेब मोबाईल बंद पडल्यावरही चालतो.

डोंगराखालच्या घरांसाठी: जांभ्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या चिकण मातीच्या थरावर साठतं. मग वरचा भार सरकतो. जमिनीला किंवा जोत्याला नव्या भेगा, अचानक अडकायला लागलेली दारं, कललेले विजेचे खांब, नसलेल्या जागी फुटलेला झरा, असलेल्या झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं या खुणा दिसल्या की पाऊस थांबायची वाट पाहू नका, माणसं हलवा आणि तलाठ्याला कळवा. तुमचं गाव दरडप्रवण यादीत आहे का ते तहसील कार्यालयात विचारता येतं.

त्सुनामी आपल्याकडे विरळा, पण अशक्य नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्यालगत झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. जमीन बराच वेळ जोरात हलली किंवा समुद्र अवेळी खूप मागे हटला, तर बघायला पुळणीवर जाऊ नये. सड्यावर, म्हणजे गावामागच्या उंच कातळी पठारावर, चढावं. कोकणात बहुतेक गावांच्या पाठीशी सडा असतो. आपल्या घरापासून सड्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट) कुठून जाते ते एकदा चालून पाहा, रात्रीही.

दुसरी पायरी: वाडीला माहीत व्हा

नवी माणसं इथे कमी पडतात, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. बंगला बांधला, कुंपण घातलं, गेटला कुलूप लावलं, आणि वाडीला तुमच्या घरात किती माणसं आहेत हेही माहीत नाही, अशी घरं मी बरीच पाहतो. वादळाच्या रात्री कुणाला शोधायचं हे ज्यांना ठरवायचं असतं, त्यांना तुम्ही माहीत असायला हवेत.

पोलीस पाटील, सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, आशाताई आणि तुमच्या भागाचा वायरमन यांना प्रत्यक्ष भेटा. नंबर वहीत लिहा, फक्त मोबाईलमध्ये नको. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, कुणाला इन्सुलिन किंवा ऑक्सिजन लागत असेल, कुणी गरोदर असेल तर आशाताईला आधीच सांगून ठेवा. वाडीच्या बैठकीला जा. वर्गणी वेळेवर द्या, शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा घरी असा. आपत्तीच्या लेखात याचं काय काम असं वाटेल, पण कोकणात माणसं एकमेकांच्या हाकेला या ओळखीवरच धावतात.

मग तुमच्याकडे देण्यासारखं काय आहे ते सांगा. स्लॅबचं पक्कं घर असेल तर शेजारच्या कौलारू आणि पत्र्याच्या घरातल्या किती माणसांना एक रात्र ठेवता येईल? जनरेटर असेल तर वाडीतले मोबाईल आणि बॅटऱ्या चार्ज करता येतील. गाडी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत कुणाला न्यायला ती चालेल का? उलट, तुमच्याकडे नसलेलं बरंच काही त्यांच्याकडे आहे: माडावर चढणारा माणूस, करवत चालवणारे हात, होडी, पोहणारी मुलं, आणि कोणता पऱ्या (ओहोळ) किती वेळात फुगतो याची माहिती. हे सगळं मे महिन्यातच एका कागदावर आलं पाहिजे: कोण कुणाच्या घरी जाणार, म्हाताऱ्या माणसांना उचलायला कोण, गुरं कोण सोडणार, शाळेची किल्ली कुणाकडे. १ मेची ग्रामसभा यासाठी चांगली वेळ आहे. तिथे विचारा: गावचा आपत्ती आराखडा कधी बदलला होता, निवारा म्हणून ठरवलेल्या इमारतीचं छप्पर तपासलं का, तिथे पाणी आणि संडास आहे का, गावात आपदा मित्र, म्हणजे आपत्तीतला सरकारी स्वयंसेवक, म्हणून प्रशिक्षण घेतलेलं कुणी आहे का. नसेल तर तरुणांची नावं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे द्यायला सांगा. बायकांची नावं त्यात असावीत. दिवसा वाडीत त्याच जास्त असतात, कुणाच्या घरी काय आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

आणि एक कळकळीची विनंती. तुमच्या जागेतून पावसाळी पऱ्या किंवा व्हाळ जात असेल तर तो बुजवू नका, त्यावर कुंपणाची भिंत बांधू नका. मातीचा भराव टाकून तुमचं अंगण उंच होतं आणि शेजाऱ्याचं माजघर पाण्यात जातं. समोरचा समुद्र दिसावा म्हणून सुरूची झाडं तोडणं, खाडीकाठची कांदळवनं काढणं हे कायद्याने गुन्हा ठरू शकतंच, शिवाय वाऱ्याचा आणि लाटांचा पहिला मार झेलणारी फळीच त्याने जाते.

तिसरी पायरी: मे अखेरपर्यंत घर

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात जमिनीवर आलं. पत्रे उडाले, कौलं गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. वादळात घरावर पडणारी वस्तू बहुतेक वेळा तुमच्याच आवारातली असते. म्हणून मे महिन्यात माडावरचे सुके नारळ आणि झावळ्या उतरवा, घरावर किंवा तारेवर झुकलेल्या फांद्या तोडून घ्या. तारेजवळचं काम वायरमनला सांगूनच.

कौलारू घर असेल तर शाकारणी टाळू नका. फुटकी कौलं बदला, वासे-रिपा वाळवीने खाल्ल्यात का बघा. पत्रा असेल तर तो लोखंडी सांगाड्याला हुकांनी सगळीकडे, विशेषतः कडेला, घट्ट बांधलेला हवा. वारा कडेच्या पागोळीखाली शिरून पत्रा उचलतो. वर दगड किंवा वाळूच्या गोणी ठेवून भागत नाही, त्याच खाली येतात. नव्या बंगल्यांतल्या मोठ्या सरकत्या काचांना चिकटपट्टी लावण्याचा उपयोग नाही. त्या मापाच्या प्लायवुडच्या फळ्या आधीच कापून, भोकं पाडून ठेवा. सोलर पॅनल आणि गच्चीवरची टाकी पक्की करा. वादळाआधी टाकी भरून ठेवा: पाणीही मिळतं, वजनही राहतं. खाडीकाठी विजेचा मीटर, मिक्सर-फ्रिजचे बोर्ड, धान्याचे डबे पाणी चढतं त्या खुणेच्या वर न्या.

कागदपत्रं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत: सातबारा, आठ अ, घरपट्टीचा उतारा, आधार, रेशन कार्ड, पासबुक, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या. त्यांचे फोटो बाहेरगावच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा. घराचे, बागेचे, सामानाचे आत्ताचे फोटोही काढा. पंचनाम्याच्या वेळी आधीचं चित्र हातात असेल तर वाद होत नाही. घराचा विमा नसेल तर 'भारत गृह रक्षा' ही सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे सारख्याच अटींची मिळणारी पॉलिसी पाहा. वादळ, पूर आणि भूस्खलन तिच्यात येतं. वादळाची बातमी आल्यावर विमा काढायला धावून उपयोग होत नाही.

चौथी पायरी: बेगमी

आगोटीची बेगमी कोकणातल्या प्रत्येक घरात होते: तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, कांदे, पापड. त्यात थोडी भर घाला. निसर्गनंतर अनेक गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली असूनही घरात पाणी नाही. म्हणून दोर आणि पोहरा घरात हवाच, रहाट असेल तर तो चालू स्थितीत ठेवा. नव्या घरांत नुसतीच बोअरवेल असते. त्यांनी शेजारच्या उघड्या विहिरीच्या मालकाशी आधी बोलून ठेवावं.

न शिजवता खाता येईल असं तीन-चार दिवसांचं: पोहे, चुरमुरे, गूळ, शेंगदाणे, सातूचं पीठ, बिस्किटं, लहान मुलांची दूध पावडर. गॅसचा दुसरा सिलिंडर. रोजच्या औषधांचा निदान पंधरा दिवसांचा साठा. ओआरएसची पाकिटं, जखमेचं मलम, पट्ट्या. टॉर्च, भरलेली पॉवर बँक, सेलवर चालणारा रेडिओ. कोयता, करवत, जाड दोर, मोठी ताडपत्री. हातात रोख रक्कम, सुट्ट्या नोटांत. निसर्गच्या वेळी मोबाईल नेटवर्कच गेलं होतं, आणि ते गेलं की मोबाईलवरून पैसे देणंही बंद. गाडीची टाकी भरलेली. जनरेटर लावणार असाल तर तो कायम उघड्यावर, कधीही पडवीत किंवा बंद खोलीत नाही. त्याचा धूर झोपेत जीव घेतो.

पाचवी पायरी: इशारा वाचायला शिका

हवामान खात्याचे रंग चार आहेत. हिरव्यात काही करायचं नाही. पिवळ्यात लक्ष ठेवा. केशरीत बांधाबांध पूर्ण करा, प्रवास टाळा. लाल म्हणजे ठरवलेलं अमलात आणा. २४ तासांत ११५.६ मिलिमीटरच्या पुढे पाऊस खात्याच्या भाषेत अति मुसळधार धरतात, २०४.४ च्या पुढे त्याहून वरचा वर्ग लागतो. चक्रीवादळाची पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी सुरू होते, ४८ तासांवर सावधानतेचा इशारा आणि २४ तासांवर प्रत्यक्ष इशारा येतो. म्हणजे तुमच्या हातात तीन दिवस असतात. ते बातम्या पाहण्यात घालवू नका.

मोबाईलवर 'सचेत', 'मौसम' आणि आकाशातल्या विजेसाठी 'दामिनी' ही सरकारी ॲप ठेवा. समुद्राच्या लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या बाहेर काढायच्या नाहीत, आणि होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांना पाण्यात उतरू द्यायचं नाही. अनोळखी क्रमांकावरून फिरत आलेले व्हिडिओ पुढे पाठवू नका. १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्ष मिळतो, १०७० वर राज्याचा, ११२ आणि १०८ तर माहीत असतीलच. समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४.

नकाशावरची रेषा आपल्या गावावरून जात नाही म्हणून निश्चिंत होण्याची चूक सगळ्यात जास्त होते. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात जमिनीवर आलंच नाही, ते १७ मेला गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. पण जाता जाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या आंबा बागा, घरं, खांब पाडत गेलं. ऑक्टोबर २०१९ चं क्यार तर भर समुद्रातून ओमानच्या दिशेने गेलं, तरी देवगड-मालवणकडे उधाण आलं आणि कापणीला आलेलं भात भिजलं. दुसरी गफलत महिन्यांची. जूनमध्ये सगळे सावध असतात, दसऱ्यानंतर कुणी नसतं. अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर आहे. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं तेव्हा मासेमारी भरात होती आणि कित्येक खलाशी घरी परतले नाहीत. म्हणून बेगमीची पेटी गणपतीनंतर मोडू नका.

सहावी पायरी: आदला दिवस आणि वादळाचे तास

हलायचं असेल तर उजेडात आणि भरतीच्या आधी. लाल इशारा आणि डोंगराखालचं घर असेल तर रात्र तिथे काढू नये, पाऊस त्या वेळी थांबलेला असला तरी. खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर दरड १९ जुलै २०२३ च्या रात्री, माणसं घरात असताना आली. चार वेळा हलून काही झालं नाही म्हणून पाचव्यांदा घरीच थांबणारी माणसं मी ओळखतो. त्यांना रागवू नका, पाचव्यांदाही बोलवायला जा.

निघताना मेन स्विच आणि गॅस बंद, गुरांची दावी सोडलेली, गाडी झाडाखाली नाही. घरातच थांबणार असाल तर स्लॅबखालची, खिडक्या नसलेली आतली खोली. वारा एकाएकी पडला आणि आभाळ उघडलं तर बाहेर येऊ नका. तो वादळाचा डोळा असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट बाजूने तेवढ्याच जोराने येतो. छपरावर चढून पत्रा धरायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका.

सातवी पायरी: नंतर

पडलेली प्रत्येक तार जिवंत समजा. वायरमनने सांगेपर्यंत त्या बाजूला मुलं जाऊ देऊ नका. पाणी ओसरल्यावर साप कोरड्या जागी येतात, अडगळीत हात घालण्याआधी काठी. पुराच्या पाण्यात चालला असाल आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या आजारासाठी चोवीस ते बहात्तर तासांच्या आत आरोग्य केंद्रात दाखवा, गोळ्या डॉक्टर देतील. विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या आणि तोवर उकळलेलं पाणी प्या. खारं पाणी शिरलं असेल तर पावडरीने खारेपणा जात नाही, विहीर उपसावी लागते.

साफसफाईआधी फोटो काढा. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतील तेव्हा घरी असा, मोजलेल्या झाडांचा आकडा तिथल्या तिथे वाचून पाहा.

तुमची सगळ्यात मोठी मदत इथे होऊ शकते. कोकणात सातबारे सामाईक असतात. एका उताऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही माणसं वारलेली पण नाव कमी न झालेलं. बाग कसणाऱ्या म्हातारीच्या हातात भरपाई यायला सगळ्यांची संमती लागते आणि ती गोळा होईपर्यंत मुदत निघून जाते. तुम्हाला अर्ज लिहिता येतो, मोबाईलवर फोटो आणि कागद पाठवता येतात, ऑफिसात फोन करून विचारता येतं. वाडीतल्या अशा दोन-तीन घरांची यादी पावसाळ्याआधी करा, मुंबईतल्या वारसांचे नंबर घ्या, संमतीपत्रं आणि बँकेचे तपशील तयार करून ठेवायला मदत करा. वारसनोंद राहिली असेल तर ती मे महिन्यात तलाठ्याकडे सुरू करून द्या, जूनमध्ये त्यांना वेळ नसतो.